तव्यावरची पिवळी चिमूट

वर्ध्याला जाऊन आलो म्हटलं की समोरचा पहिलं विचारतो, सेवाग्राम पाहिलंत का. नाही पाहिलं. तीन दिवस होतो, आणि ते तीन दिवस सेलूच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आणि बोरगाव मेघेतल्या एका घरात गेले. प्रदेश बघण्यासारखा आहे, खाणं तर फारच चांगलं. त्याबद्दल लिहितोच. पण तिथं मी एका बाईशी जसा वागलो ते गाळून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून तेही लिहितो.

आधी माझ्याबद्दल. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, आमच्या घराण्यातला पहिला. गाव आटपाडीच्या बाजूला. वडील दुसऱ्याची मेंढरं राखायचे. सातवीत होतो तेव्हापासून गावातली माणसं खताची, औषधाची पोती आमच्या दारात आणून टाकायची आणि म्हणायची, "पोतं वाच रे." कुठल्या पिकाला, पाण्यात किती, जनावरांना बाधतं का, सगळं मी वाचून सांगायचो. आई तेवढ्यात कौतुकाने दारात येऊन उभी राहायची. त्या पोत्यांनी मला जो ताठा दिला तो डिग्रीनेही दिला नसेल.

आता पुण्यात एका कंपनीत आहे. आम्ही प्लास्टिक फुगवायची पावडर विकतो. तुमच्या पायातल्या हलक्या चपलेचा तळ कापून बघा, आत बारीक बारीक भोकं दिसतील. तिथं आता हवा आहे, पण ती जागा आमच्या पावडरीतून निघालेल्या वायूने केलेली असते. गिऱ्हाइकाचा माल बिघडला की कंपनी मला पाठवते. तसा मी मार्चमध्ये वर्ध्याला गेलो.

सोमवार

स्टेशनवर प्रकाशभाऊ न्यायला आले होते. शेड त्यांचं. शेतकरी घरातला माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, आवाज मऊ. त्यांनी मला गाडीत न बसवता आधी एका टपरीवर नेलं. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात आणि खोबरं भुरभुरतात. इथं पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात, आणि ती अंगावर येते. दुसऱ्या घासालाच मला उचकी लागली.

"हळू खा जी," प्रकाशभाऊ पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले, "पोहे कुठी पळून नाई राह्यले."

सेलूच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळी जमीन. कापूस निघून गेलेला, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले, मधेच गव्हाचा पिवळा तुकडा, आणि शेतांमधल्या धुऱ्यावर पळस असा फुललेला की दुरून कुणी पेटवून दिल्यासारखा. आमच्याकडे कुदळ मारली की मुरुम ठिणग्या टाकतो. एवढी काळी माती बघितली की मला अजूनही हेवा वाटतो. तसं म्हटलं तर प्रकाशभाऊ हसले. म्हणाले, पावसाळ्यात या, चप्पल अशी फसते की माणूस पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. मग लगेच त्यांच्या ध्यानात आलं की आपण चपलेच्याच तळाचा धंदा करतो, आणि ते रस्त्याकडे बघायला लागले. पंधरा दिवसांपासून माल परत येत होता.

तिथं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्लास्टिकचे दाणे, खडूची भुकटी, प्लास्टिक बांधून धरणारं एक रसायन आणि आमची पिवळी पावडर हे सगळं गरम मिक्सरमध्ये कणकेसारखं मळतात. मळताना पिवळी पावडर झोपलेली असली पाहिजे. नुसती असेल तर ती दोनशे डिग्रीच्या आसपास फुटते आणि वायू सोडते. एवढं तापवणं परवडत नाही, म्हणून तिच्यात थोडी पांढरी पावडर घालतात. तिला तिथं सगळे नुसतं झिंक म्हणतात. झिंक जवळ असलं की पिवळी एकशे साठच्या पुढेमागेच जागी होते. मळलेल्या गोळ्याच्या लाद्या करून त्या प्रेसच्या साच्यात कोंडतात. आत पावडर फुटते, पण साचा बंद, वायू जाणार कुठं? ठरलेली मिनिटं झाली की प्रेस उघडतो आणि लादी साच्यातून उडी मारून बाहेर येते, आत गेली त्याच्या दीडपट होऊन. मी शेकडो वेळा पाहिलंय, अजूनही दर वेळी दचकतो.

खुबी सगळी वेळेत आहे. प्लास्टिक आधी बांधलं जायला हवं, वायू नंतर सुटायला हवा. वायूने घाई केली तर लादी फाटते, भोकं पडतात. प्रकाशभाऊंच्या शेडच्या मागे तसल्या लाद्यांचा ढीग पडला होता, अजून न निवडलेला. मी दहा-बारा उचलून बघितल्या. बहुतेक फाटलेल्या, पण मधूनच एखादी अगदी सुरेख. मी तिथल्या तिथं निदान केलं. काय किती घालायचं याचा मी दिलेला कागद एक, माल एक, आणि लाद्या दोन तऱ्हेच्या, म्हणजे वजन करणारा हात एकसारखा नाही. कुठली लादी कोणत्या पाळीची, एवढं विचारलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. मी विचारलं नाही.

दिवसपाळीला वजन सुमनबाई करायच्या. वय पन्नाशीचं, गाव बोरच्या जंगलाकडचं. फोनवर बहिणीशी त्यांच्या गोंडीत बोलायच्या आणि आमच्याशी वऱ्हाडीत. शेड सुरू झालं तेव्हापासून काट्यावर त्याच. वाचता येत नव्हतं, पण मी लिहून पाठवलेला कागद कुणीतरी एकदा वाचून दाखवला की त्यांना पाठ. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि चोर रंगेहाथ सापडल्यासारखं मला वाटलं. झिंकचं माप त्यांनी निम्मंच घातलं.

"बाई, कागदावर किती लिहिलंय?"

"कागद तर पुरं म्हणते जी," त्या वळून न बघता म्हणाल्या. "पण हा नवीन पिवळा उतावळा हाय. आधी कागदाचंच ऐकलं, आता तीन दिवसांपासून मी अर्धंच टाकून राह्यली. तव्यावर पायलं मी."

कोपऱ्यात विजेची शेगडी होती, तिच्यावर एक काळा तवा. बाजूच्या फळीवर लोणच्याच्या सात रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत तळाला चिमूटभर पिवळी पावडर, आणि प्रत्येकीच्या गळ्याला वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ. मला हसू आलं. मी हसलो, तेही मोठ्याने. प्रेसवरचा गजानन आणि लाद्यांच्या कडा कापणाऱ्या, कटिंगच्या चार बाया बघायला लागल्या. मग मला जास्तच जोर आला. हे स्वयंपाकघर नाही, म्हणालो. चिमटीने भाजीत मीठ घालतात, कारखान्यात चिमूट चालत नाही, म्हणालो. हा कागद मी लिहिलाय, तीन वर्षं कॉलेजात घासून लिहिलाय, आणि तुम्ही तो तव्यावर भाजता, असंही म्हणालो. आणि त्या बरण्या आधी भंगारात टाका.

प्रकाशभाऊ काट्याकडे बघत म्हणाले, "सुमनबाई, तुमी काही दिवस कटिंगले बसा."

सुमनबाईंनी पदराच्या टोकाने काट्याचं ताट पुसलं. माप खिळ्याला अडकवलं. आणि जाऊन कटिंगच्या बायांत बसल्या, टोकाला. कुणीतरी बरण्या उचलून मागे नेल्या.

नंतर गजाननने मला चहा देताना सहज सांगितलं की उन्हाळ्यात चपलांचं काम मंदावलं की कटिंगच्या बायांना दोन महिने घरी बसवतात. काट्यावरचं माणूस बारा महिने लागतं. मी ऐकलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

मुक्काम बोरगाव मेघेला, प्रकाशभाऊंच्याच घरी. लॉजवर राहतो म्हटलं तर त्यांना राग आला. वहिनींनी पाटवडीचा रस्सा, भाकर आणि जवसाची चटणी केली होती. आमच्याकडे कारळ्याची चटणी असते, कडसर. जवसाची तेलकट आणि गोडूस लागते, भाकरीला धरून राहते. मी तीन भाकरी खाल्ल्या. वाढता वाढता वहिनींनी विचारलं, "सुमनबाईले काट्यावरून काऊन काढलं?" प्रकाशभाऊंनी माझ्याकडे हात केला. वहिनी म्हणाल्या, नवीन पोतं आलं की ती जुन्याची चिमूट आणि नव्याची चिमूट एकाच तव्यावर शेजारी शेजारी ठेवते आणि कोण आधी पांढरं पडतं ते बघते, पहिल्यापासून. मी हात धुता धुता त्यांना समजावलं की तव्याला थर्मामीटर नसतं, त्यामुळे त्या प्रयोगाला शास्त्रात अर्थ नाही. वहिनी म्हणाल्या, असन बापा. आणि ताटं उचलली.

मंगळवार

सकाळी मी स्वतः काट्यावर बसलो. कागद समोर, चष्मा नाकावर. झिंक पुरं, पिवळी पुरी, एक ग्रॅम इकडेतिकडे नाही. पावडर हळदीपेक्षा बारीक असते, उडून माझा पांढरा शर्ट छातीपासून पोटापर्यंत पिवळा झाला. गजानन म्हणाला, "साहेब, हळद लागली, आता बोहल्यावर चढा." सगळे हसले, मीही हसलो. तोपर्यंत मजेत होतो.

पहिला प्रेस उघडला. लादी उडी मारून यायला हवी होती. ती फुस्स करून कडेने फाटत बाहेर लोंबली, आणि नाकात अमोनियाचा वास गेला. माझ्या मुठीएवढी भोकं. दुसरा प्रेस तसाच. तिसरा जरा जास्तच वाईट. मी थर्मामीटर तपासलं, घड्याळ तपासलं, दाण्यांची पोती तपासली. दुपारपर्यंत एकही लादी धड निघाली नाही. पंधरा दिवसांतला सगळ्यात वाईट दिवस आमच्या शिकलेल्या हाताने काढला.

गजाननने एक लादी आणून माझ्यापुढे ठेवली. सुरेख, एकसारखी, बोट दाबलं की हळूच वर येणारी. कालच्या ढिगात मी उचलून बघितली होती तसलीच.

"ही सुमनकाकूच्या पाळीची हाय, अर्धं टाकलं तवापासूनची," तो म्हणाला. "फाटक्या साऱ्या दुसऱ्या पाळीच्या, नाईतर त्याच्या आधीच्या. तुमी इचारलंच नाई, म्हणून मी बी नाई सांगतलं."

मी उठून पोत्यांपाशी गेलो. तीच पिवळी पोती, तोच आमचा शिक्का, तोच नंबर. नंबरच्या शेवटी एक अक्षर जास्तीचं. त्याच्या खाली बारीक ओळ: झिंक आधीच मिसळलेलं आहे, वेगळं घालू नये.

तिथंच एका पोत्यावर बसून मी फोन काढला. सव्वा महिन्यापूर्वी ऑफिसने सगळ्यांना पाठवलेला निरोप सापडला. नवीन माल जातोय, गिऱ्हाइकांना जुना कागद बदलून द्या. मी त्याला अंगठ्याचं चिन्ह टाकून 'ओके' लिहिलं होतं. वाचला नव्हता. प्रकाशभाऊंनी त्याच आठवड्यात मला फोन करून विचारलं होतं, पोती जरा वेगळी दिसून राह्यली, कागद तोच ठेवू का. मी म्हटलं होतं, तोच ठेवा, काही फरक नाही.

म्हणजे झिंक दोनदा पडत होतं. एकदा आमच्या कंपनीच्या हाताने, एकदा माझ्या कागदाने. आणि सुमनबाईंनी तव्यावर दोन चिमटी ठेवून ते ओळखलं होतं. तवा किती तापलाय हे कळायची त्यांना गरजच नव्हती. दोन्ही चिमटी एकाच तव्यावर, जे आधी पांढरं पडलं ते उतावळं. कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं, शेजारी एक जुना, ओळखीचा नमुना ठेवल्याशिवाय नव्याबद्दल बोलू नका. परीक्षेत त्याला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

आता इथं माझी खरी लाज आहे. चूक कुणाचीही होते. मी काय केलं, तर प्रकाशभाऊंना ऑफिसात नेलं, दार लोटलं, आणि म्हणालो, मालाची ग्रेड बदललीये, त्यामुळे फॉर्म्युल्यात थोडी दुरुस्ती लागेल, झिंक काढून टाका. एवढंच. 'मी' हा शब्द त्यात कुठेच नव्हता, सुमनबाईंचं नाव नव्हतं. प्रकाशभाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, साहेब, तुमी आले म्हणून सापडलं. मी हात सोडवून घेतले नाहीत.

संध्याकाळच्या लाद्या झकास निघाल्या. प्रत्येक उडीला शेडमध्ये जीव येत होता. टोकाला बसलेल्या सुमनबाई त्या लाद्यांच्या कडा कापत होत्या. एकदा त्यांनी एक लादी उजेडाकडे धरून कापलेली कड नीट बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. मी प्रकाशभाऊंशी बोलत असल्यासारखं केलं.

बुधवार

गाडी दुपारची. वहिनींनी वाटेसाठी गोरसपाक बांधून दिला, तो वर्ध्याचा खाऊ, तोंडात टाकला की विरघळतो. आम्ही नाश्त्याला बसलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या की सुमनबाई सकाळीच येऊन गेली.

"इचारत होती, उन्हाळ्यात मले बी घरी बसवता का म्हणून. आतापासून दुसरं काम पाहावं लागन म्हणे."

प्रकाशभाऊ अवघडले. म्हणाले, मलाही बरं वाटत नाही, पण वजनात हात चुकलाच ना तिचा, साहेबांनीच पकडलं. आणि माझ्याकडे बघितलं, मी मान डोलवावी म्हणून.

माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. मी तो चावत राहिलो. किती वेळ चावला माहीत नाही, पण वहिनींनी पाणी पुढे केलं. माझी आई असती तर तिने काय केलं असतं असं मनात आलं. तिला बिचारीला वाटलं असतं की पोराने वाचलंय म्हणजे खरंच असणार. तेच मला सहन झालं नाही.

गाडीत बसल्यावर प्रकाशभाऊंनी स्टेशनकडे वळवली. मी म्हटलं, सेलूकडे घ्या. त्यांनी ट्रेन चुकेल म्हटलं. चुकू द्या, म्हणालो, आणि वाटेत त्यांना सगळं सांगितलं. निरोप, अंगठा, फोन, पोत्यावरची ओळ. परवाच्या त्याच पळसाच्या झाडांवरून आम्ही गेलो, कुणी काही दाखवलं नाही.

शेडमध्ये मी सोमवारी उभा होतो तिथंच जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्याच माणसांना ऐकू जावं. मशीनचा आवाज होता, म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. म्हणालो, माल बिघडला तो माझ्यामुळे. पोतं बदललं होतं, मी वाचलं नाही. सुमनबाईंनी झिंक अर्धं केलं ते बरोबर होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो.

मग गजानन म्हणाला, "काकू, आता साहेबाले कटिंगले बसवा." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुमनबाई हसल्या नाहीत. प्रकाशभाऊंनी खिळ्यावरचं माप काढून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, माझंही चुकलं, मी तुम्हाला एक शब्द विचारायला पाहिजे होता. त्यांनी ते घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि मला विचारलं,

"बरण्या कुठी टाकल्या?"

शेडमागच्या भंगारात. मी गेलो. फाटक्या लाद्यांच्या ढिगात गुडघ्यापर्यंत उतरून शोधल्या. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. चार सापडल्या, तीन फुटल्या होत्या. फुटलेल्यांत कुठल्या वर्षांच्या चिमटी होत्या ते आता कुणालाच कळणार नाही. लाल गाठीची, म्हणजे आधीच्या मालाची, धड होती. ती बघून सुमनबाईंनी पहिल्यांदा श्वास सोडला.

मी न सांगताच त्यांनी शेगडी लावली. नाकाला पदर बांधला, मलाही रुमाल बांधायला सांगितला, धूर छातीत बसतो म्हणून. तव्याच्या मधोमध दोन चिमटी ठेवल्या, डावी लाल गाठीची, उजवी नव्या पोत्यातली. म्हणाल्या, मोजा. मी मोजायला लागलो तर म्हणाल्या, हळू, भाकर पलटवता तसं मोजा. तिसाच्या आत उजवी चिमूट धुरावली आणि पांढरी पडली. डावी तशीच हळदीसारखी पिवळी, शांत. मी साठाच्या पुढे गेलो तरी ती शांतच होती.

मग त्यांनी एक नवी बरणी पुसून घेतली, नव्या पोत्यातली चिमूट तिच्या तळाला टाकली आणि झाकण लावलं. फळीवर दोऱ्याचं रीळ होतं. त्या हिरवा दोरा तोडत होत्या तेवढ्यात मी खिशातून पेन काढलं आणि म्हणालो, "द्या बाई, मी यावर मालाचा नंबर लिहून देतो, म्हणजे पुढे घोटाळा नको."

त्यांनी बरणी माझ्या हातात दिली नाही. आवाजात राग नव्हता, मला समजावून सांगितल्यासारखं बोलल्या.

"पोत्यावर लिवलेलंच होतं नं जी साहेब. गाठच राहू द्या."

मी पेनाला टोपण लावलं.